सुभेदारांची रेकी

परक्याच्या घरात शिरून फरशीवर उताणा पडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. कोरेगावात आमच्या शेजारीच राहतो. सुभेदार आप्पा. फौजेतून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून भाड्यानं द्यायला घर घ्यायचं त्यांनी ठरवलं, आणि तेव्हापासून विकाऊ घर दिसलं की टोपी काढून आप्पा आडवे!

"उभ्या मानसाला घर खोटं बोलतं, मॅनेजर. पडल्यावर ओल दिसती, वरल्याची पावलं ऐकू येत्यात. पयली रेकी, मग फायर."

मी बँकेत साधा कारकून होतो, पण त्यांच्या लेखी मॅनेजर. त्यामुळे प्रत्येक रेकीला स्कूटरवर मागे मी. शिरवळला एका बाईनं त्यांना फिट आली समजून नाकाला कांदा लावला. आप्पा पडल्या पडल्याच म्हणाले, "कांदा ऱ्हाऊ द्या, वरचा नळ गळतोय व्हय?"

साताऱ्यातली चार खोल्यांची चाळ मात्र पसंत पडली. किंमत कमी, कारण भाडं कमी. आसपास त्याच्या दुप्पट चालत होतं. मी म्हटलं, "आप्पा, एवढ्या भाड्यात बँकेचं व्याज बरं. घ्यायची तर भाडं वाढवा, नाहीतर नाद सोडा." जन्माची पुंजी होती, चुकून चालणार नव्हतं. आप्पांना ते पटलंही.

शेवटच्या खोलीत एक बाई दोन मुलींचा अभ्यास घेत होती. गाव आटपाडीकडचं, नवरा फौजेत. मुलींच्या शाळेसाठी इथं खोली घेतलेली. आप्पांनी टोपी काढली, पण आडवे झाले नाहीत. भिंतीला टेकून बसले.

"भाडं वाढलं तर?"

"पोरीस्नी घिऊन गावाकडं जायाचं. दुसरं काय?"

बाहेर आल्यावर त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "आमच्या मंडळीनं सांगलीला अशाच खोलीत पोरं वाढवली. मी सुट्टीपुरता पाव्हना. त्यात बी निम्मी सुट्टी दोस्तांत."

काकू गेल्यापासून त्यांचा विषय आप्पांनी कधी काढला नव्हता. व्याजाचं नाव मी पुन्हा घेतलं नाही.

चाळ घेतली. खरेदीखत झालं त्या दिवशी ती बाई भीतभीत पुढं आली. "आप्पा, भाडं किती वाढवनार?"

"मालक फौजेतनं कवा येनार तुजं?"

"दिवाळीला. म्हैनाभर."

"मग त्येला सांग, भाडं हाय तेवढंच ऱ्हाईल, पर माजी एक अट हाय. समदी सुट्टी ह्या खोलीत काढायची. दोस्तांकडं एक दिस बी जायाचं न्हाई."