बसायचे पैसे

तमाम सभासद, बिगरसभासद, विमानप्रवासी आणि विमान फक्त खालून पाहिलेले नागरिक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वारंवार विमानाने फिरणाऱ्या माणसाने विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसण्यासाठी पैसे मोजावेत की मोजू नयेत, हा प्रश्न कायमचा निकालात निघालेला आहे. निकाल मुंबईत लागला नाही, दिल्लीतही लागला नाही. तो आमच्या तलवाड्याकडच्या मेंढपाळांच्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत, चारा-गोदामापुढच्या पत्र्याखाली, ऐन दुष्काळात लागला. मी त्या संस्थेचा सेक्रेटरी. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. फक्त त्या सभेतलं शेवटचं वाक्य लिहायचं धाडस तेव्हा मला झालं नाही. ते इथे लिहितो.

पण आधी आमचे चेअरमन खंडूआप्पा.

लाउंज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो गृहस्थ येतो, त्याला उलटा करून झटकला की खंडूआप्पा. साठी ओलांडलेली, डोक्याला लाल पागोटं, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि खांद्यावर काळी घोंगडी. उन्हाळा असो, हिवाळा असो, राष्ट्रीय पातळीवरची बैठक असो, घोंगडी खांद्यावरच. विमानतळावरच्या तपासणीत ती ट्रेमध्ये ठेवावी लागते. त्या यंत्रातून घोंगडी आत गेली की आप्पा पलीकडच्या टोकाला धावत जाऊन उभे राहतात. ओढ्यातून पलीकडे घातलेली मेंढी नीट बाहेर पडते की नाही, हे बघावं तसे.

हा माणूस विमानात कसा गेला, ते सांगतो. दिल्लीत लोकरवाल्या संस्थांचा एक मोठा संघ आहे. त्यावर आमच्या भागाचा प्रतिनिधी म्हणून आप्पा निवडून गेले. तिकीट संघाचं. दर महिन्याला एक बैठक, आणि दुष्काळ पडल्यापासून दोन. कारण त्या वर्षी चारा-छावण्या उघडल्या, त्यात गाय चालत होती, म्हैस चालत होती, मेंढी चालत नव्हती. "मेंढीला काय पोट न्हाई का बे?" असं विचारत आप्पा दिल्लीत टेबलामागून टेबलं पालथी घालत होते.

तर लाउंज. पहिल्यांदा आप्पा तिथे गेले ते विमान उशिरा होतं म्हणून, आणि दारातच अडले. बसायला पैसे पडतात, असं त्यांना सांगण्यात आलं.

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मेंढपाळ आपला कळप रात्रीपुरता एखाद्याच्या मोकळ्या रानात बसवतो. मेंढ्या नुसत्या बसतात. सकाळी उठून जातात. पण त्यांच्या लेंड्यामुताचं खत रानाला मिळतं, म्हणून रानाचा मालक मेंढपाळाला ज्वारी देतो, वर चहा पाजतो, आणि अजून एक रात्र बसवा म्हणून हाता-पाया पडतो. आप्पांच्या सात पिढ्या या रीतीवर जगल्या. त्यामुळे बसणाऱ्याने पैसे द्यायचे, ही गोष्ट त्यांना वडलांनी मुलाच्या पाया पडावं तशी वाटली.

"बसणाराला द्यायचं असतं, त्याच्याकडनं घ्यायचं नसतं!" हे त्यांचं वाक्य तेव्हापासून आमच्या तालुक्यात गाजलं. दारावरच्या बाईंना त्यांनी ते आपल्या हिंदीतही ऐकवलं: "हमारे इधर बैठनेवाले को दाना देते, बाई. तुम उलटा लेते?"

मी एकदा खोडी काढली. म्हटलं, "आप्पा, मेंढरं बसली की रानाला खत मिळतं. तुम्ही बसल्यानं लाउंजला काय मिळतं?"

आप्पांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "इज्जत."

एवढा संताप असलेल्या माणसाने पुढच्या महिन्यात काय करावं? वार्षिक कार्ड काढलं! स्वतःच्या खिशातून. आणि काढल्यावर नवा संताप सुरू झाला. वर्षाची फी घेता, मग वार्षिक सभेची नोटीस का येत नाही? अहवाल कुठे? उपमा कच्चा असतो, हा ठराव मांडायचा कुणापुढे? कार्डाच्या फोनवरच्या बाईंना त्यांनी इतक्यांदा फोन केला, की त्या बाई शेवटी मराठी शिकल्या असाव्यात. कारण पाचव्या फोनला त्या स्पष्ट म्हणाल्या, "आप्पा, ठेवा आता."

मी हिशेबी माणूस. मी त्यांना समजावून सांगितलं, की महिन्यातून दोनदा उडणारा आत पोटभर जेवला, चार कप चहा प्याला, तर कार्ड परवडतं. वर्षातून एकदा जाणाऱ्याने बाहेरच्या लोखंडी बाकावर बसावं. हाच नियम. पण आप्पा आत जाऊन खात काय? घरून आणलेली भाकरी आणि ठेचा. पीत काय? अर्धा कप चहा. तिथल्या बेसिनचा नळ हात पुढे केला की आपोआप वाहतो, तो तर त्यांनी एकदाच वापरला. आमच्या वस्तीवर तेव्हा टँकर आठवड्यातून एकदा यायचा. नळ वाहताना बघून त्यांना इतका राग आला, की खालचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि तिथल्याच एका कुंडीला घातलं. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं. तो आणखी एक संताप.

म्हणजे आप्पांच्या बाबतीत कार्ड कुठल्याच बाजूने परवडत नव्हतं. मग दरवर्षी ते नवं का करत होते? "कावून आप्पा?" असं विचारलं की म्हणायचे, "तू कागदं बघ."

एकदा कागदं बघायलाच मला त्यांनी दिल्लीला बरोबर नेलं. परतीला लाउंजच्या दारात आलो. आप्पांनी कार्ड पुढे केलं आणि तीन बोटं दाखवली.

"तीन?" मी म्हटलं. "आप्पा, आपण दोघंच."

"गप बे."

दारावरच्या बाई सवयीने हसल्या आणि त्यांनी कार्ड तीनदा लावून दोन पाहुण्यांचे जादा पैसे आप्पांकडून घेतले. आत गेल्यावर आप्पा थेट कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे गेले. त्या खुर्च्या मागे कलतात आणि पाय ठेवायला पुढे फळी निघते. एकीत मला बसवलं, एकीत स्वतः बसले, आणि मधल्या खुर्चीवर खांद्यावरची घोंगडी टाकली. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तशी. मी खजील होऊन इकडेतिकडे बघितलं.

थोड्या वेळाने टाय लावलेले एक साहेब आले. घोंगडीकडे बघून म्हणाले, "ये खाली है?"

"न्हाई."

"कोई है क्या?"

"आनेवाले हैं."

साहेब समोर उभं राहून कॉफी पीत राहिले. त्यांनी दोनदा पुन्हा विचारलं, आप्पांनी दोनदा घोंगडीची घडी सारखी केली. तासाभराने विमानाची हाक आली. कुणीही आलं नाही. आप्पा उठले, घोंगडी उचलली, खुर्चीवर हात फिरवून लोकरीचे केस झटकले आणि साहेबांना म्हणाले, "अब बैठो." जागा धरायची एसटीची खोड विमानापर्यंत पोचली, एवढाच अर्थ मी काढला. पन्नाशी गाठलेला सेक्रेटरी मूर्ख असू नये, असा काही नियम नाही.

आता माझी चूक. आप्पांचे विमानाचे कागद मी संघाकडे पाठवण्यासाठी फाइलला लावत असे. त्यात लाउंजच्या पावत्याही टाचल्या गेल्या. संस्थेचा त्यात एक रुपया नव्हता, पण पावत्या संस्थेच्या फाइलीत होत्या, आणि आप्पा एकटे गेले होते त्या प्रत्येक वेळच्या पावतीवर छापलेलं होतं: व्यक्ती दोन.

आमचे व्हाइस चेअरमन किसनतात्या. चेअरमनच्या खुर्चीकडे ते इतकी वर्षं बघत आले आहेत, की त्यांची मान तिकडेच वळलेली आहे. त्यांना ही फाइल सापडली.

वार्षिक सभा भरली. मंडपवाल्याकडून चाळीस खुर्च्या आणलेल्या. पुढच्या रांगेत तात्या आणि त्यांची माणसं, मागे आम्हा लोकांचे भाऊबंद, पत्र्याबाहेर उन्हात गोदामाच्या भिंतीशी बायका. टेबलामागे आप्पा आणि मी. सभा सुरू झाल्यावर सोजरआक्का आल्या. आक्का म्हणजे आप्पांच्या मंडळी, आणि संस्थेच्या दोन नंबरच्या सभासद. आमच्याकडे पाणी संपलं तसा त्यांनी घरचा कळप पुढे घातला होता, आणि पाच महिने त्या केजच्याही पलीकडे चाऱ्यामागे चालत होत्या. सभेसाठी कळप जावेवर सोपवून जीपगाडीने आल्या होत्या. मी मान हलवून नमस्कार केला आणि पुढचा विषय वाचला.

संघाने जोडीने बोलावलं होतं तेव्हा एकदा आक्काही दिल्लीला गेल्या होत्या. परत आल्यावर सगळ्या वस्तीने विचारलं, दिल्ली कशी? तर म्हणाल्या, "झोप चांगली लागती." आम्ही वर्षभर हसलो होतो.

अहवाल झाला, ताळेबंद झाला, आणि आयत्या वेळच्या विषयात तात्या उठले. हातात पावत्या.

"चेअरमनसाहेब, आमची मेंढरं तहानेनं मरायलीत अन् तुमी दिल्लीत गार हवेत बसता. बसा. पर तुमच्यासंग दुसरं कोन बसतं?"

 मागून कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला चांगला नव्हता.

"माझ्या खिशातलं पैसं हायत," आप्पा म्हणाले.

"पैशाचं कोन इचारतंय? मानूस इचारतोय. नाव सांगा, न्हाईतर राजीनामा टाका."

"टाका, टाका," पुढची रांग म्हणाली.

मी टेबलाखाली घुसण्याच्या बेतात होतो. त्या पावत्या मी टाचल्या होत्या. माझ्या एका टाचणीपायी चाळीस वर्षांची अब्रू चालली होती, आणि छावणीत मेंढी घ्यायची मंजुरी हाताशी आलेली असताना हा माणूस खुर्चीवरून जात होता. मी पुटपुटलो, "आप्पा, सांगा हो. काय असेल ते सांगा."

आप्पा उठले. 

"नाव पायजे? सोजर! माझी बायकू! तीच बसती तितं!"

"आक्का तर रानात हायत पाच म्हैनं!" तात्या ओरडले.

"म्हनून तर!" आप्पांनी टेबलावर हात आपटला. "दिल्लीला गेलतो जोडीनं, तवा इमान धुक्यात अडकलं. त्या खुर्चीत ही बसली, पाय वर घेतलं अन् तीन तास झोपली. दिवसाढवळ्या! चाळीस वर्सं संसार केला, तिला दिवसा आडवी झाल्याली मी कंदी बघितली न्हवती. जागी झाली अन् म्हनली, मेंढरं कुटं हायत? मग हसली. लई हसली. आता ती उनातानात मेंढरामागं हिंडायली, अन् मी गादीवर बसायचं, अन् तिच्या जागंवर कुनी बी टायवाला येऊन टेकनार? मला न्हाई सोसत. म्हनून घोंगडी टाकून जागा धरतो. फुकट अडवत न्हाई. दोघाचं भरतो!"

 तात्या पावत्यांकडे बघत होते, जणू त्या आता कुणाच्या तरी खाजगी चिठ्ठ्या झाल्या होत्या. ते हळूच खाली बसले. त्यांच्या मागे आम्ही सगळेच बसलेले होतो, चाळीसच्या चाळीस खुर्च्या भरून. टेबलामागे मीही बसलेलो होतो.

तेव्हा गोदामाच्या भिंतीशी, खांद्याला आडवी काठी लावून उभ्या असलेल्या सोजरआक्का मोठ्याने म्हणाल्या:

"अवं, तितं दिल्लीत माझ्या रिकाम्या खुर्चीला पैसं भरायलाव, अन् हितं मी मघाधरनं उनात उभी हाय, तर मला कोनी बस बी म्हनंना!"