दुर्गाबाईंच्या पंधरा कॅप्सूल

मोहाडीत डॉक्टर कमी नाहीत. पण दुर्गाबाई हेडाऊंच्या मते त्यांतल्या निम्म्यांची काही गरज नव्हती. निदान बाजारामागच्या गल्लीपुरती तरी नव्हतीच. तिथं त्या स्वतः होत्या!

शिक्षण दुसरी पास. तिसरीत गुरुजींनी छडी उगारली तेव्हा दुर्गाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, खिडकीबाहेर फेकली आणि शाळेला कायमचा रामराम ठोकला. पुढचं सगळं शिक्षण हातमागावर झालं. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा झाला, पण दुर्गाबाईंच्या साडीचा करवती काठ पुराच राहिला. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साडीला करवतीच्या दात्यांसारखे टोकदार दाते विणायचे, आडवा धागा नेणारे तीन तीन धोटे एकाच वेळी सांभाळायचे. भंडाऱ्याच्या हातमाग प्रदर्शनात सलग तीन वर्षं पहिला नंबर होता! यंदा तो चौथ्यांदा घ्यायचा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. परीक्षकांना फक्त कळवायचं बाकी होतं.

आता मागावरच्या माणसाला उरलेला धागा फेकवत नाही. वीतभर कोसा उरला तरी तो कांडीवर गुंडाळून ठेवायचा. पुढं कुठं तुटलं की जोडायला कामी येतो. दुर्गाबाईंनी हाच नियम गोळ्यांना लावला होता. मागाखाली, जुन्या कांड्यांच्या पत्र्याच्या डब्यात, हेडाऊ घराण्याच्या वीस वर्षांच्या दुखण्यांचं उरलंसुरलं जपून ठेवलेलं होतं. मुलाच्या, म्हणजे हेमराजच्या टायफॉइडमधल्या चार पांढऱ्या. नात मोनिकाच्या कानाच्या सहा पिवळ्या. औषध अर्ध्यावर आलं आणि माणूस उठून बसला की राहिलेलं डब्यात! आणि विरजण मागायला याव्यात तशा शेजारणी गोळ्या मागायला येत.

"दुर्गाबाई, एखादी पांढरी आहे का वो?"

"कायले पायजे?"

"कंबर धरली."

"कंबरीले पांढरी कायची? पिवळी ने!"

माणूस बरा झाला तर दुर्गाबाईंच्या हाताला गुण. नाही झाला तर त्याचं नशीबच खोटं!

तर प्रदर्शनाला अडीच आठवडे उरले असताना धोट्याच्या लाकडाची बारीक कुसळ दुर्गाबाईंच्या उजव्या तर्जनीत, नखाशेजारी घुसलं. चार दिवसांत बोट टमाटरासारखं लाल झालं आणि ठणकायला लागलं. डब्यातली पिवळी झाली, पांढरी झाली, बोट ऐकेना. शेवटी सून रीतानं जवळजवळ ओढतच त्यांना डॉक्टर हर्षाच्या दवाखान्यात नेलं. ही हर्षा म्हणजे करडी गावच्या जीवनगुरुजींची मुलगी. बोलायला गोड, पण सुई हातात असली की कोणाची भीड न ठेवणारी.

तिनं पू काढला, पट्टी बांधली आणि विचारलं, "काकू, कोणत्या गोळीनं कधी अंगावर पुरळ, खाज वगैरे आली होती का?"

"माझ्या अंगावर यायची खाजीची हिंमत नाही!"

"बरं. ह्या पंधरा कॅप्सूल. रोज तीन, जेवल्यावर, पाच दिवस. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. आणि ह्या तुमच्या बोटासाठी आहेत, दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत."

"पोरी, मी गोळ्या खाऊन राहिली तेव्हा तू पाळण्यात बी नव्हती."

"म्हणूनच सांगते!"

सहा कॅप्सूल पोटात गेल्या आणि बोट उतरलं. ठणका गेला, लाली गेली. दुर्गाबाईंनी बोट चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि उरलेल्या नऊ कॅप्सूल डब्यात टाकल्या.

रीता म्हणाली, "आई, डॉक्टरनं पाच दिवस सांगितलं होतं."

"रोग गेला ना? मंग आता कोणाले मारू, भिंतीले? एवढी महागाची लाल-काळी चीज! जपून ठेवली तर उद्या कामी येईल."

तो उद्या दुसऱ्याच दिवशी उगवला. शेजारच्या सुलोचनाबाई नाक पुसत आल्या. दुर्गाबाईंची आणि त्यांची तीस वर्षांची मैत्री. म्हणजे तीस वर्षांत एक दिवसही भांडणाचा खाडा नव्हता.

"सर्दीनं जीव घेतला वो."

"घे! तीन घे. ही साधीसुधी नाही, करडीच्या डॉक्टरीणबाईची आहे."

मग भय्यालालजींनी, म्हणजे दुर्गाबाईंच्या यजमानांनी, घसा खवखवतो म्हणून तक्रार केली. त्यांना दोन मिळाल्या. भय्यालालजी चाळीस वर्षांपासून बायकोनं दिलेलं काहीही न विचारता गिळत आले होते.

दुसऱ्या दिवशी विणकर सोसायटीची सभा होती. ठराव वाचायला सुरुवात झाली आणि भय्यालालजींच्या पोटात असा काही भोवरा फिरला की ते ताडकन उठून बाहेर निघून गेले. सभा चपापली. परत येऊन बसतात तोच दुसरा भोवरा! पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा तर त्यांनी जाताना खुर्चीही पाडली. अध्यक्ष घाबरले. "भय्यालालजींचा एवढा विरोध असेल तर हा ठराव आम्ही मागं घेतो!" म्हणाले. टाळ्या पडल्या. लोकांनी त्यांना सन्मानानं घरी पोचवलं आणि भय्यालालजी सन्मानासकट संडासात शिरले.

"पाहा!" दुर्गाबाई रीताला म्हणाल्या. "दोनच गोळ्या खाल्ल्या आणि माणूस कसा करारी झाला!"

तिकडे सुलोचनाबाईंच्या अंगावर गांधी उठल्या. हात, पाठ, मान, सगळीकडे खाज! त्यांचा मुलगा ईश्वर दारात येऊन ओरडला, "काकू, काल तुमच्या घरून आलेली वांग्याची भाजी माईले बाधली!"

वांग्याची भाजी! दुर्गाबाईंच्या हातच्या भाजीला नाव! त्यांनी पदर खोचला.

"भाजी माझी नाही बाधली, तुझ्या माईले तिची जीभ बाधली! त्याच भाजीनं माझं अख्खं घर जेवलं. कोणाले काय झालं?"

नेमके त्याच क्षणी भय्यालालजी लोटा घेऊन मागं धावत गेले.

झालं! गल्लीचे दोन पक्ष पडले. एक म्हणे भाजी, दुसरा म्हणे हवा. दुर्गाबाई ओट्यावर उभ्या राहून दोन्ही पक्षांशी एकटीनं लढत होत्या. लढताना त्या हातवारे मात्र डाव्या हातानं करत होत्या. उजवा पदराखाली होता. कारण बोट पुन्हा फुगलं होतं. आणि आता ते टमाटर नव्हतं, भोपळा व्हायच्या बेतात होतं! मागावर साडी दोन हात बाकी होती, आठ दिवसांनी शनिवारी प्रदर्शन होतं, आणि धोटा धरला की डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. हे कोणाला सांगायचं नव्हतं. मुळीच नाही.

एवढ्यात ईश्वर पुन्हा पळत आला. आता ओरडत नव्हता. "काकू, माईचे ओठ सुजले. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणते, भाजी नाही, गोळीनं झालं. कोणती गोळी दिली ते घेऊन या."

दुर्गाबाईंनी डबाच बगलेत मारला आणि निघाल्या. चपलाही ओट्यावरच राहिल्या; त्या घेऊन रीता मागं धावली. रीता म्हणते, लग्न होऊन आल्यापासून तिनं असं पहिल्यांदाच पाहिलं.

दवाखान्यात सुलोचनाबाई खाटेवर पडल्या होत्या. सुई दिली होती, सूज उतरायला लागली होती. आईनं सहाच खाल्ल्या, हे रीतानं सांगून टाकलं. डॉक्टर हर्षानं लाल-काळ्या कॅप्सूल मोजल्या.

"चार आहेत. सहा तुम्ही खाल्ल्या. मधल्या पाच कुठं गेल्या?"

"तीन हिले. दोन हेमराजच्या बाबांले."

"सुलोचनाकाकूंना ह्या जातीची गोळी चालत नाही. मागं एकदा असंच झालं होतं, त्यांच्या कागदावर लिहून ठेवलंय. थोडा उशीर झाला असता तर सूज घशात गेली असती, श्वास अडकला असता. आणि सर्दीवर ही गोळी काही करतच नाही काकू! ही फक्त एका जातीच्या जंतूंना मारते. सर्दीचे जंतू त्या जातीचे नाहीत."

दुर्गाबाई खाटेजवळ गेल्या. "काहून वो, तुले गोळी चालत नाही हे तू मले काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं का?" सुलोचनाबाई सुजल्या ओठांनी म्हणाल्या. "मी मेली असती तर?"

"मंग मी भांडली कोणासंगं असती?" दुर्गाबाई म्हणाल्या आणि पदरानं उगाच डबा पुसायला लागल्या.

डॉक्टरनं डबा हातात घेतला. एकेक चीज टेबलावर मांडली. मुदत संपलेल्या, रंग उडालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मग तिनं पेढ्याएवढी एक गोळी उचलली.

"ही कोणाची?"

"ती म्हशीची."

"ही अर्धी तोडलेली आहे."

दुर्गाबाईंनी छताकडं पाहिलं. "हेमराजच्या बाबांले दिली होती. पण तेव्हा ते बी म्हशीसारखेच पडून राहिले होते!"

डॉक्टर हर्षानं तोंड खिडकीकडं फिरवलं. खांदे मात्र हलत होते. मग वळून म्हणाली, "उजवा हात दाखवा."

"तो आराम करून राहिला."

"काकू!"

पदर सरला. बोट बाहेर आलं. खाटेवरच्या सुलोचनाबाईसुद्धा उठून बसल्या.

डॉक्टरनं पुन्हा पू काढला, थोडा तपासायलाही ठेवला. "दोन दिवसांत तुम्ही जंतूंना अर्धमेलं केलं आणि सोडून दिलं. नाजूक होते ते मेले, दांडगे होते ते राहिले. त्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. असं वारंवार केलं की त्यांना गोळीचं भयच उरत नाही. मग खरी गरज पडेल तेव्हा ती गोळी चालणार नाही. तुम्हालाच नाही, कोणालाच!"

दुर्गाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"म्हणजे मुजोर होते!"

"कोण?"

"जंतू! अर्धं बोलून सोडलं की माणूस मुजोर होते, तसंच ना? अवो, मी जन्मात कोणाले अर्धं बोलून सोडलं नाही! नवऱ्याले नाही, सुनेले नाही, सोसायटीच्या अध्यक्षाले नाही. मंग ह्या जंतूंलेच काहून सोडलं मी?"

हा अपमान त्यांना बोटापेक्षा जास्त ठणकला.

नवीन गोळ्या मिळाल्या. चौदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. दोन दिवसांनी बोट दाखवायचं. डबा डॉक्टरनं ठेवून घेतला. आणि वर हुकूम: आठवडाभर मागाला हात लावायचा नाही!

"आणि साडी?" दुर्गाबाईंचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "शनिवारी प्रदर्शन आहे. दोन हात बाकी आहे वो पोरी. करवती काठ आहे, तो कोणी बी विणत नसते."

"मी विणते," रीता म्हणाली.

रीता सानगडीची. धानाच्या घरची पोरगी, चिखलात ओळीनं भाताची रोपं लावत, म्हणजे रोवणी करत वाढलेली. नऊ वर्षं ती कांड्या भरत होती. त्यापुढं दुर्गाबाईंनी तिला जाऊ दिलं नव्हतं. 'रोवणीचा हात मागावर चालत नाही', हा त्यांचा कायदा होता.

"तू? तुले काय येते?"

"तुमी दुपारी झोपता तेव्हा नऊ वर्षं मी काय करत होती वाटते तुमाले?"

दुर्गाबाईंनी सुनेची बोटं निरखून पाहिली. "मागच्या वर्षीच्या साडीत बी?"

"चार बोटं."

पहिला नंबर आलेल्या साडीत चार बोटं! दुर्गाबाईंना एवढा मोठा धक्का म्हशीच्या गोळीनंही बसला नसता.

रविवारपासून घरात नवीन राज्य सुरू झालं. रीता मागावर आणि दुर्गाबाई शेजारी पाटावर, पट्टीचं बोट झेंड्यासारखं वर धरून.

"अवो, तो दाता वाकडा जाऊन राहिला! ओढ! जोरात नाही! धानाची पेंढी बांधून राहिली का तू?"

रीता ऐकून घेई. पण नऊचा ठोका पडला की धोटा खाली ठेवी आणि हाताची घडी घाले.

"काय झालं? थांबली काहून?"

"आधी गोळी."

"हा एवढा दाता होऊ दे!"

"आधी गोळी, मंग दाता."

बुधवारी बोट पूर्ण उतरलं. दुर्गाबाईंनी नुसतं एवढंच म्हटलं, की आता बरं वाटून राहिलं बा. रीता मागावरून उठली आणि सरळ भाकरी टाकायला गेली! माग दोन तास मुका. शेवटी दुर्गाबाई आपण होऊन गोळी घेऊन चुलीपाशी गेल्या, सुनेसमोर गिळली आणि गिळल्याचा पुरावा म्हणून जीभ बाहेर काढून दाखवली. भय्यालालजींनी हे दृश्य दारातून पाहिलं आणि डोळे भरून पुन्हा पाहिलं.

शुक्रवारी दिवे लागायच्या आत साडी मागावरून उतरली.

शनिवारी सकाळी भंडाऱ्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी साडी उलगडली. नागपूरचे जुने जाणकार होते, भिंगातून पाहत होते. काठावरून भिंग सरकत सरकत शेवटच्या दोन हातांवर आलं आणि थांबलं. 

"वा!" परीक्षक म्हणाले. "इथं तर दाते असे एका ओळीत आलेत, की रोवणी केल्यासारखे! सुरुवातीपेक्षा इथं हात जास्त बसलाय." त्यांनी पहिल्या नंबरची चिठ्ठी साडीला टाचली आणि विचारलं, "बाई, हा शेवटचा भाग कोणाचा?"

दुर्गाबाईंनी मान ताठ केली. सोसायटीचे लोक ऐकत होते, सुलोचनाबाई ऐकत होत्या, रीता खाली पाहत होती.

"माझ्या सुनेचा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "सानगडीची आहे. मीच निवडून आणली!" मग क्षणभर थांबून, कोणाचा गैरसमज नको म्हणून म्हणाल्या, "हात तिचा होता. पण तोंड माझं होतं!"

"हाव," रीता म्हणाली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "मंग उघडा ते. चौदावी राहिली आहे."

आणि अख्ख्या भंडाऱ्यासमोर दुर्गाबाई हेडाऊंनी, काहीही न बोलता, तोंड उघडलं.