आबाजींचं कानशील

आबाजींकडे गेलं की नमस्कार-चमत्कार नंतर, आधी त्यांच्या उजव्या कानशिलावर हात ठेवावा लागे. ते स्वतःच आलेल्याचा हात धरून तिथे नेत आणि रिकाम्या तोंडानेच चावायला लागत, एखादा बैल रवंथ करतो तसे. डोळे आपल्या तोंडावर रोखलेले. "लागली? वर आली ना आता? कालच्यापेक्षा मोठी हाये का, पाह्यजा बरं." आपण "नाही" म्हणालो तर "तुमचा हात थंडा हाये, तुमाले समजत नाई" असं म्हणत. आणि "हो" म्हणालो तर चावणं थांबवून गुमान खाटेवर बसत आणि अर्धा तास कोणाशी बोलत नसत. मी दोन्ही उत्तरं देऊन पाहिली होती. सुटका कशातच नव्हती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझी बदली बुलढाण्याकडे, धाडच्या शाळेवर झाली, आणि आबाजींच्या शेजारची खोली मला भाड्याने मिळाली. मी साताऱ्याकडचा, एकटा, हाताने करून खाणारा. आबाजी साठीच्या पुढचे, गावाला लागून त्यांचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मिरच्या, मेथी. दोन्ही मुली सासरी गेलेल्या. घरात ते आणि त्यांची बायको कौसल्याबाई. आबाजी तिला 'बुढी' म्हणत आणि ती त्यांना काहीच म्हणत नसे, नुसती "आयकलं का" म्हणून हाक मारी.

माणूस मुळातच धास्तीखोर. वांग्यावर एक अळी दिसली तर सगळा मळा गेला असं धरून चालणारा. पण ही कानशिलाची धास्ती वेगळी होती. जेवताना उजवीकडे कानाच्या पुढे ठणकतं, घास चावला की कानशिलावर गोळा वर येतो, आणि अलीकडे तो गोळा जेवण झाल्यावरही पुरता बसत नाही, अशी तक्रार. गोळा वर वर सरकून मेंदूत जाणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका फक्त 'कधी' एवढीच होती.

त्यासाठी त्यांनी एक सुतळी ठेवली होती. सकाळी तोंड धुतलं की ती डोक्याभोवती कानशिलावरून गुंडाळायची आणि जिथे टोक येईल तिथे गाठ मारायची. सुतळीला इतक्या गाठी झाल्या की गाठींमुळेच ती आखूड होत चालली. सुतळी आखूड झाली म्हणजे डोकं वाढलं, असा त्यांचा हिशेब. मी शाळामास्तर. फळ्यावर काढून समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी पुस्तकातलं सांगून राह्यले. डोकं माह्यं हाये."

उपचार तर विचारू नका. विटेचा शेक झाला, हळद-तुरटीचा लेप झाला. कोणी सांगितलं म्हणून बिब्बा लावला, तेव्हा कानशील भाजून निघालं आणि सूज खरोखरीच दुप्पट झाली. त्या आठवड्यात आबाजी घाबरलेले होते आणि थोडे समाधानीही होते. आता तरी लोकांना दिसत होतं.

मग एका लग्नात त्यांनी कहर केला. पंगतीत शेजारच्याला सांगितलं, "कानशिलावर हात ठेवून चावून पाह्य बे." त्याने पाहिलं. त्याच्याही कानशिलाखाली गोळा हलला. त्याने पुढच्याला सांगितलं. पाच मिनिटांत सगळी ओळ एका हाताने बुंदी खात होती आणि दुसऱ्या हाताने कानशील दाबून धरत होती. वाढपी थबकले. मुलीचा बाप धावत आला, त्याला वाटलं जेवणात काहीतरी निघालं. मला उभं राहून ओरडून सांगावं लागलं की बाबांनो, तो स्नायू आहे, चावताना सगळ्यांचाच हलतो, गाईचासुद्धा हलतो. लोक हसले, हात खाली आले. आबाजी मात्र हसले नाहीत. हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाव, सगळ्यांले हाये. पण यांले दोन्हीकडं हाये गुरुजी. मले एकाच बाजूनं हाये. अन् यांचं दुखत नाई."

ते खरं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाला खरंच काहीतरी होत असावं, आणि इतके दिवस आपण नुसती मजा पाहत आलो. मला माझीच लाज वाटली. पुढच्या सुट्टीला मी त्यांना एसटीत घालून बुलढाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. सबंध रस्ता ते खिडकीला डोकं टेकू देत नव्हते. खड्डा आला की दोन्ही हातांनी कानशील धरत.

डॉक्टर तरुण होता. त्याने कानशील दाबलं, जबडा उघडायला लावला, तोंडात दिवा धरून पाहिलं. म्हणाला, "गाठ नाही. मेंदूत काही जात नाही. डावीकडच्या दाढा पडल्यात, म्हणून सगळा जोर उजवीकडे. स्नायू ताणून सुजलाय. पण इतका ताण? तुम्ही खाता तरी काय, आजोबा?"

आबाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"महिनाभर मऊ खा. भाकरी बंद. कण्या, वरण, ताक. आणि दातावर दात दाबून चावायचं नाही."

आबाजींनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. मग विचारलं, "घरी सांगा लागते का हे?"

"म्हणजे?"

"नाई, मऊ खाईन मी. पण घरी न सांगता नाई जमनार का?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. परतताना आबाजींनी मला दोनदा बजावलं, "बुढीले काही सांगू नका." मला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला. बायकोपुढे आजारी दिसायचं नाही, वगैरे. आणि माझा स्वभाव असा की दुसऱ्याचं भलं कशात आहे हे मला त्याच्या आधी कळतं. दुसऱ्या दिवशी आबाजी मळ्यात गेले, आणि मी कौसल्याबाईंना सगळं सांगून टाकलं.

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माह्या भाकरीनं झालं का हे?"

"तसं नाही हो. फक्त महिनाभर मऊ द्या."

"देतो ना. कण्या करतो." आणि लगेच ज्वारी जाडसर भरडायला जात्यावर बसल्या.

मी खूश होतो. मात्र आठ दिवसांत आबाजींची सूज उतरायची सोडून वाढली. कानशील तुकतुकीत झालं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आता ते कोणाला हात लावायला सांगत नव्हते, सुतळीही बांधत नव्हते. खाटेवर बसून नुसते बघत राहत. त्यांची ती बडबड मला किती नकोशी होती आणि ती थांबल्यावर मला किती भीती वाटली, हे कोणाला सांगूनही पटणार नाही. डॉक्टर चुकला असेल तर? खरंच गाठ असेल तर? मी गुपचूप आरशात स्वतःचंही कानशील चाचपून पाहिलं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते पानावर बसत होते. कौसल्याबाई म्हणाल्या, "गुरुजी, बसा तुमीबी. कण्या लई झाल्या." आबाजी घाईने म्हणाले, "त्यांचं झालं असन जेवन." झालं नव्हतं. मी बसलो.

कण्यांवर वरण, वर तेलाची धार. पहिला घास घेतला आणि दाढेखाली खडा आला. कण्यांच्या आकाराचा, कण्यांच्या रंगाचा. मी घास बाहेर काढायला हात तोंडाकडे नेला, तोच आबाजींनी माझा गुडघा दाबला. जोरात. मी पाहिलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते. ते समोर बघत होते.

समोर कौसल्याबाई बसल्या होत्या. मान किंचित तिरपी. त्यांची नजर आमच्या ताटांवर नव्हती, कोणावरच नव्हती. त्या ऐकत होत्या.

आबाजी चावत होते. घास उजवीकडे घेऊन, ओठ मिटून, इतकं हळू, इतकं दाबून, की आतला खडा फुटावा पण कर्र असा आवाज बाहेर येऊ नये. त्यांच्या कानशिलावरचा गोळा वर आला आणि तिथेच थरथरत राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. घास गिळून ते म्हणाले, "झ्याक झाल्या."

"खडा-बिडा तं नाई ना लागला?"

"तुह्या हातचा कधी लागला?"

मग त्या माझ्याकडे वळल्या, म्हणजे माझ्यापेक्षा थोडं डावीकडे. "गुरुजी, तुमाले?"

"छान झाल्यात, बाई," मी म्हणालो आणि तोंडातला खडा गिळला. असे तीन गिळले.

हात धुवायला आम्ही मळ्याच्या विहिरीवर गेलो. आबाजी काठावर बसले. मी काही विचारायच्या आधीच बोलू लागले. तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी बोलत होते.

"दोन सालं झाले, बुढीले दिसत नाई. सावली दिसते. तिच्या मायचा डोळा एका वैदूनं काढला होता, काडी घालून. म्हनून डोळ्याचं नाव काढू देत नाई. मले समजलं हे तिले माहीत नाई. या गावात धान्य निवडावं तं तिनं, असं लोक म्हनत. लग्नकार्याचं धान्य तिच्याच सुपातून जाये. आता बोटानं चाचपते, मोठे खडे काढते, बारके राहून जातात. भाकरीत दळून जात होतं, कचकच लागे, पन निभून जाये. कण्यांत नाई निभत."

मी विहिरीत बघत होतो. कण्यांचं या घरात मीच सांगितलं होतं.

"आबाजी, मला सांगायचं होतं तुम्ही."

"कोनालेच सांगायचं नोतं. पोरींले समजलं तं सूप काढून घेतीन तिच्या हातातून. चुलीपासून उठवतीन. मंग ती बसल्या जागी सरन, गुरुजी." त्यांनी कानशिलावर तळहात ठेवला. "मले मरायचं भेव नाई. जबडा बंद पडला तं मी तिच्या हातचं खाऊ कसा? अन् मी मेलो तं दुसरा जो खाईन, तो पहिल्याच घासाले थू करीन. तिच्यासमोर."

इतके दिवस मी जिला मेंदूची धास्ती समजत होतो ती ही होती.

"धान्य आधीच निवडून ठेवलं तर?" मी म्हणालो.

"कोन निवडन? मळ्यात बाप्या मानूस खडे वेचताना दिसला तं संध्याकाळपर्यंत गाव हासते. अन् ते तिच्या कानावर जाते. तिचे कान लई तिखट हायेत."

"माझं धान्य आहे म्हणा. गुरुजी एकटे आहेत, त्यांना जमत नाही, म्हणून हात लावू लागतो म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावाने हसायचंच असेल तर मास्तराला हसावं, हे त्यांना पटलं असावं. रविवारी ज्वारीला ऊन दाखवतो असं घरी सांगून त्यांनी पोतं मळ्यात आणलं, आणि आम्ही दोघं आंब्याखाली घोंगडीवर दाणे पसरून बसलो. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. एकाने तर माझ्यासाठी मुलगी बघायचं मनावर घेतलं. मला निवडता येत नव्हतं, आबाजींना तर त्याहून नाही. दोघांनी चष्मे लावून एकेक मूठ तळहातावर घेतली. दुपार कलली तेव्हा खड्यांची एक ढिगली बाजूला जमली होती.

"झालं," मी पाठ सरळ करत म्हणालो. "आता एकही खडा नाही. खात्रीने सांगतो."

आबाजींचा चेहरा उतरला. "एकबी नाई?"

"एकही नाही."

त्यांनी ढिगलीतून चार मोठे खडे उचलले. चष्मा काढला, डोळे मिटले आणि प्रत्येक खडा अंगठ्याने चाचपून पाहिला. त्यातला एक टाकून दिला, तीन परत ज्वारीत सोडले.

"हे राहू द्या. तिच्या बोटाले लागते असे. सूप घेऊन बसली अन् काहीच नाई निघालं, तं तिले समजन ना."

मग मीही डोळे मिटले, आणि ढिगलीत चाचपडत त्यांच्यासाठी चौथा खडा शोधू लागलो.