सिलिंडर एकमध्ये चुकीची आग

सकाळी दहा वाजता मुद्रितशोधकांनी गाडीची किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागला, तो लागूनच राहिला. दिवा जेमतेम नखाएवढा, इंजिनाच्या आकाराचा. पण नेमका आजच लागला. बरोबर बारा वाजता त्यांच्या पत्नीची वाहन चालवण्याची परीक्षा होती, आणि ती याच गाडीवर द्यायची होती. परीक्षेच्या पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘इशाऱ्याचा दिवा पेटलेले वाहन परीक्षेस ग्राह्य धरले जाणार नाही.’

पत्नी शाळेत गणित शिकवत. सगळी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणे. येत्या सोमवारपासून त्यांची बदली तीस किलोमीटर दूरच्या शाळेत झाली होती. तिथे जाणारी पहिली बस पोचायची पहिला तास संपल्यावर. म्हणून बाई वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी जिद्दीने गाडी शिकल्या होत्या. आजची परीक्षा हुकली, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी.

“गॅरेजवाल्याला फोन करा,” बाई पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या.

“त्याचं गॅरेज अकराला उघडतं. आणि तो काय वेगळं करणार आहे? यंत्र लावणार, कोड वाचणार. ते यंत्र माझ्याकडे आहे!”

यंत्र म्हणजे काडेपेटीएवढा निळा ठोकळा. मुद्रितशोधकांनी तो पंधरा दिवसांपूर्वी मागवला होता, स्वस्तात. तो गाडीत स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवायचा आणि मग गाडीला काय होतंय ते फोनवर दिसायचं, तेही इंग्रजीवरून शब्दशः केलेल्या मराठीत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका हुडकून काढणाऱ्या माणसाला चुका शोधणारं यंत्र हातात आल्यावर जे होतं, तेच त्यांचं झालं होतं. गाडी कधी एकदा बिघडतेय, याची ते मनातून वाटच पाहत होते.

त्यांनी ठोकळा बसवला, चष्मा सावरला. फोनवर अक्षरं उमटली : ‘पी ०१७१. यंत्रणा फार सडपातळ. बँक एक.’

“काय म्हणतंय?” बाईंनी विचारलं.

“यंत्रणा फार सडपातळ आहे म्हणतंय. बँक एक.”

“माझ्या गाडीला बँकेशी काय करायचंय?”

“तू मध्ये बोलू नकोस गं. हे तांत्रिक आहे.”

तांत्रिक आहे एवढंच त्यांनाही कळलं होतं. पण सडपातळ काय झालंय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समजणार कसं? त्यांनी इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. आत सगळं भरगच्च होतं. सडपातळ असं काही दिसेना. एका जाड काळ्या पाइपच्या तोंडाशी वायरचा एक छोटा प्लग होता. त्यावरची अक्षरं वाचता यावीत म्हणून त्यांनी तो काढला. अक्षरं परदेशी निघाली. प्लग तसाच लोंबकळत राहिला आणि मुद्रितशोधक पुन्हा गाडी चालू करायला गेले.

आता तीन कोड होते. हवेचा प्रवाह म्हणे कमी झाला होता. तिसरा कोड हवेच्या तापमानाबद्दल होता, म्हणून त्यांनी तापमानाचा आकडा पाहिला.

“बाहेर किती थंडी आहे गं?” त्यांनी कपाळावरचा घाम पुसत वर पाहून विचारलं.

“थंडी? पंखा लावून बसलेय मी.”

“गाडी म्हणतेय, उणे चाळीस.”

“अहो, साडेदहा वाजलेत. मी चालत जाऊ का परीक्षेला?”

एका कोडाचे तीन झाले, तेव्हा शहाण्या माणसाने हात आवरले असते. पण मुद्रितशोधकांचा अनुभव वेगळा होता. पहिल्या पानावर एक चूक सापडली की पुढे दहा असतातच, आणि शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय सुटका नसते. त्यांनी पुन्हा इंजिन बंद केलं आणि पुढचं पान उघडलं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा आणखी एक प्लग काढला. या वेळी गाडी चालू केली, तर ती हिवताप भरल्यासारखी थडथडू लागली. आरसा हलला, दारं वाजली. दिवा आता नुसता पेटलेला नव्हता, उघडझाप करत होता. त्यांनी फोन समोर धरला आणि जे दिसलं ते खणखणीत आवाजात वाचलं, कारण वाचताना एकही अक्षर गाळायचं नाही ही त्यांची जन्माची सवय.

“सिलिंडर एकमध्ये चुकीची आग!”

बाई खिडकीतून दिसेनाशा झाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन सिलिंडर होते. एक नंबरचा शेगडीला लावलेला होता आणि शेगडीवर दूध होतं. त्यांनी शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, दुधावर झाकण टाकलं, आणि गणितातली शिस्त सोडून पहिल्यांदाच ओरडल्या, “सिलिंडरला आग लागलीय!”

हे तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंनी ऐकलं. त्या हातात कात्री घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागून एक गिऱ्हाईक एकाच बाहीचा कोट घालून आलं. दुसरी बाही टाचण्यांसकट आतच राहिली होती. त्यानंतर दोन मिनिटांत सगळी इमारत पार्किंगमध्ये उतरली. कोणी मांजर आणलं, कोणी कागदपत्रांची पिशवी. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अर्धी दाढी केलेले होते. मुद्रितशोधक मात्र थडथडत्या गाडीत बसून दिव्याकडेच बघत होते.

“कुठे लागलीय आग?”

“पहिल्या मजल्यावर. बाईंकडे.”

“बंबाला फोन केलाय मी!” काकू म्हणाल्या.

तेवढ्यात बाई धापा टाकत खाली आल्या. “अहो, मी सिलिंडर बंद केला. तुम्हाला खालून ज्वाळा कशा दिसल्या?”

“ज्वाळा?” मुद्रितशोधक म्हणाले. “अगं, सिलिंडर गाडीचा. इंजिनातला.”

सगळी इमारत गाडीकडे वळली. इतक्यात दुरून बंबाची घंटा ऐकू आली. मुद्रितशोधकांना वाटलं, आग लागली असती तर बरं झालं असतं.

बंब फाटकातून आत आला. जवान शिड्या उतरवायला लागले, तेव्हा काकूंनीच पुढे होऊन सगळा प्रकार सांगितला, आणि सांगताना एकही तपशील सोडला नाही. बंबाचा चालक, पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस, खाली उतरला. त्याने थडथडणाऱ्या गाडीकडे कान दिला, इंजिन बंद करायला लावलं आणि बॉनेटमध्ये डोकावला.

“हा प्लग कोणी काढला?”

“मी. बघायला.”

“आणि हा?”

“तोही मीच. वाचायला.”

“हं. एका सिलिंडरात ठिणगी पडेना, ती म्हणूनच. आणि हा हवेचा पाइप? याची पकड सैल आहे. इथून भलतीच हवा आत जातेय.”

मुद्रितशोधकांनी मान खाली घातली. “मागच्या रविवारी हवेचा फिल्टर साफ केला होता. मीच.”

शिलाईवाल्या काकूंनी तोंडाला पदर लावला. चालकाने मात्र हसू दाबलं. दोन्ही प्लग टकटक बसवले, पाइपची पकड पेचकसाने आवळली. सगळं मिळून तीन मिनिटं.

“साहेब, यंत्र चांगलं आहे तुमचं,” तो हात पुसत म्हणाला. “पण कोड म्हणजे नुसती तक्रार असते. दुखतंय कुठे ते सांगतो, कोणी दुखावलं ते नाही सांगत. ते माणसाने शोधायचं. हवा जास्त, पेट्रोल कमी, एवढंच तो सांगत होता बिचारा. तुम्ही त्याला विचारायला गेलात आणि त्याचेच कान उपटलेत.”

मुद्रितशोधकांना हे एकदम पटलं. समासात तांबडी खूण त्यांनीही जन्मभर केली होती. खूण फक्त सांगते, इथे काहीतरी चुकलंय. चूक लेखकाची, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची की वाचणाऱ्याची, हे तिला ठाऊक नसतं.

त्यांनी फोनवर जुने कोड पुसले, इंजिन चालू केलं. दिवा विझला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या दाढीचे आजोबा सर्वांत जोरात.

“सव्वाअकरा,” बाई म्हणाल्या. “व्हा पलीकडच्या सीटवर. आणि कशालाही हात लावू नका.”

परीक्षेच्या मैदानावर ते बारा वाजायला दहा मिनिटं असताना पोचले. परीक्षक मॅडम उंच, कोरड्या, हातात कागद लावलेली फळी आणि पेन. चेहऱ्यावर वर्षानुवर्षं हसू उमटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी डॅशबोर्ड पाहिला, फळीवर खूण करून त्या बसल्या आणि गाडी गेली. मुद्रितशोधक बाकावर बसले. गाडी दिसेनाशी झाली तशी एकेक शंका येऊ लागली. पकड पुन्हा सैल झाली तर? आपल्या हौसेपायी बाईंचे दोन महिने जाणार, बाई काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणंच जास्त लागणार. निळा ठोकळा त्यांना खिशात जड वाटू लागला.

पंचवीस मिनिटांनी गाडी परतली. मॅडम उतरल्या, तेव्हा रुमालाने डोळे पुसत होत्या. त्या सरळ बाकाकडे आल्या.

“तुम्हीच का ते?”

“हो, मीच,” मुद्रितशोधक अदबीने उभे राहिले.

मॅडमनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला आणि खांदे गदगदा हलवत कचेरीत निघून गेल्या.

“पास?” त्यांनी भीत भीत विचारलं.

“पास,” बाई म्हणाल्या. “बसा.”

रस्त्याला लागल्यावर त्यांना राहवेना. “त्या हसत का होत्या गं?”

“तोंडी प्रश्न होता. गाडीत अचानक पिवळा दिवा लागला, तर आधी काय कराल?”

“सोपा आहे. गाडी बाजूला घेऊन थांबवावी.”

“मी म्हटलं, आधी नवऱ्याला घरात कोंडून बाहेरून कडी लावीन. मग गाडी बाजूला घेईन.”

मुद्रितशोधकांनी चष्मा काढून पुसला. “आणि गुण?”

“पूर्ण. सकाळचं सगळं सांगावं लागलं मग. त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांनी परवा वॉशिंग मशीन उघडलं. परत बसवलं, पण तीन स्क्रू उरलेत.”

“तीन?” मुद्रितशोधक ताठ बसले. “मागच्या झाकणाचे असणार. नाहीतर मोटरचे. अगं, गाडी जरा मागे वळवतेस का? त्यांचा पत्ता विचारून येतो.”

बाईंनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि परीक्षेत दाखवली त्याहूनही सफाईने गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून घराच्या रस्त्याला लावली.