वलगावच्या नत्थुजींची वंशपरंपरागत काटकसर

सहासष्ट सालच्या टंचाईत धान्य माणसांना पुरत नाही हे एकदाचे सिद्ध झाले. आता उपाय दोनच होते: धान्य वाढवायचे किंवा भूक कमी करायची. पहिल्याला पाऊस लागतो, दुसऱ्याला मंडळ. मंडळ अमरावतीतच मिळाले. त्याचे नाव 'अल्पाहार-क्षमता मंडळ', अध्यक्ष नारायणराव वकील, आणि रेशनकार्डावर कोणाला किती धान्य द्यायचे हा अधिकार त्याच्याकडे.

मार्गदर्शनासाठी अकोल्याहून प्राध्यापक हरिहर आले. "माझा आपला तर्क आहे," ते म्हणाले, "की माणसाच्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेला एक गुण पहारेकऱ्यासारखा बसलेला असावा. शक्ती संपत आली की त्याला बरोबर कळते. मग तो शरीराचे नसते खर्च थांबवतो आणि उरलेल्यावर गाडा ओढतो." पुढे ते असेही म्हणाले की पहारेकरी काही धान्य पिकवत नाही. पण तेवढ्यात कांदेपोहे आले, आणि ते वाक्य कोणी ऐकले नाही.

नारायणरावांनी शास्त्राला कायद्याची जोड दिली. ज्याचा पहारेकरी दांडगा त्याला धान्य कमी, ज्याचा दुबळा त्याला जास्त. न्याय म्हणजे न्याय!

पहिले अर्जदार वलगावचे नत्थुजी. सरकी काढायच्या जिनात कापसाची पोती उचलायचे काम. लेक पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

"सायेब, पोरगी बाळंतीन हाये. तिचं नाव कारडावर चढवा. आंगावर दूध येऊन नाई राह्यलं."

"वलगावहून कसे आलात?"

"पायदळ."

"सकाळी काय खाल्ले?"

"अर्धी भाकर. अर्धी पोरीले ठेवली."

नारायणराव खुर्चीतून उठलेच. "अर्ध्या भाकरीवर वलगावहून तीन कोस पायी! डॉक्टर, याला म्हणतात पहारेकरी!" मंडळाच्या डॉक्टरांनी मान डोलावली. निर्णय जागेवर झाला. अर्धी भाकर शिल्लक राहते हे अर्जदार स्वतःच कबूल करतो, सबब त्याचे धान्य निम्मे करावे. पंचफुला त्याचीच लेक, गुण वारशाने आलाच असणार, सबब तिचे नाव चढवण्याचे कारण नाही.

पुढच्या आठवड्यात नत्थुजी पुन्हा हजर. "आता त घरात काइच नाई, सायेब."

"पण आलात ना चालत?"

"आलो नाई त सांगू कोनाले?"

घ्या! तक्रार सांगायला जो येऊ शकतो त्याची तक्रार खोटी. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांची तर तक्रारच नाही. जिल्ह्यात समाधान आहे, असे मंडळाने वर कळवून टाकले.

मधल्या काळात एक दिवस चहा उशिरा आला आणि नारायणरावांना घेरी आली. मंडळ हादरले. डॉक्टरांनी सगळ्या सभासदांना तपासले, तर एकजात सगळ्यांचे पहारेकरी दुबळे. या घराण्यांत तीन पिढ्यांत कोणी उपाशी झोपल्याचा पुरावा मिळेना. बिचाऱ्यांना ताबडतोब साखर आणि तूप मंजूर झाले. शास्त्रापुढे कोणाचे काय चालते?

घेरीला धान्य मिळते ही बातमी वलगावला पोचली. नत्थुजी तिसऱ्यांदा आले आणि मंडळासमोर धाडकन आडवे झाले. डॉक्टर खाली वाकले. "पडताना यांनी टोपी धरली. बेशुद्ध माणूस टोपी धरत नाही."

"नाटके करता?" नारायणराव कडाडले.

नत्थुजी उठून बसले. "खरंच पडलो असतो, सायेब. पन मंग पोरीपाशी घरी कोन जाईन?"

मंडळ दयाळू होते. त्याने वलगावला निरीक्षक पाठवला. नत्थुजींची बायको रुख्मिणी दारातच उभी होती.

"बाळ भुकेने रडते का?"

"आंधी लय रडे. आता नाई रडत."

"वा!" निरीक्षक खूश झाला. "म्हणजे तिसऱ्या पिढीतही गुण उतरला."

नत्थुजी आतून धावतच आले. "अरे, रडून नाई राह्यलं म्हनून त बोंबलून राह्यलो मी!"

निरीक्षकाने ही प्रतिक्रिया नातवाबद्दलचा अभिमान म्हणून कळवली. बाळाचे नाव कार्डावर काही चढले नाही. आठवडाभराने चढवायची गरजही उरली नाही. पंचफुला सासरी गेली ती रिकाम्या ओटीने.

तुम्ही खवळला असाल. नारायणरावांना शिव्या घालत असाल. खुशाल घाला, माझीही त्यात भर टाका. फक्त मंडळाच्या अहवालाचे पहिले वाक्य तेवढे बघून घ्या: 'त्या लोकांना सवय असते.' हे वाक्य ना प्राध्यापकांचे, ना वकिलांचे. ते शहरातल्या चांगल्या घरांमधून जमा केलेले आहे. आज सकाळीच तुमच्याकडे भांडी घासायला आलेल्या बाईला तुम्ही परवाची भाजी दिलीत. आधी हुंगून पाहिलीत आणि मगच दिलीत. "चालेल ना गं?" म्हणालात. ती म्हणाली, "चालते, बाई."

मग तुम्ही ताजी पोळी तव्यावर टाकलीत.