संगमरवर ओला आहे

शहराच्या संग्रहालयाच्या आवारातला सेनापतीचा संगमरवरी पुतळा धुवायला काढला, तेव्हा अंगरख्याच्या चुण्यांत लाल रंग सापडला आणि दाढीच्या मुळाशी काळा. डागडुजी विभागाच्या बाईंनी भिंगाखाली तपासून कळवले, की पुतळा घडवला तेव्हाच रंगवलेला होता. पांढरा पडला तो नंतर, ऊनपावसाने. रीतसर मंजुरी घेऊन त्यांनी तो मूळ रंगांत उभा केला.

पहिल्याच दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक हात जोडून समोर आले आणि हात सोडून परत गेले. "हा सेनापती की बँडवाला?" असे त्यांनी जाता जाता विचारले. चार दिवसांत अर्ध्या शहराच्या भावना दुखावल्या. अधीक्षकांनी तातडीने ऐतिहासिक अचूकता समिती नेमली. तीत दोन वकील होते आणि पांढऱ्या रंगाचे जाणकार म्हणून एक दंतवैद्य.

"रंग खरा आहे, हे समितीला मान्य आहे," अधीक्षक म्हणाले. "पण तो अचूक वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात पुतळा पांढरा आहे."

"साहेब, तो फोटोच काळा-पांढरा आहे," बाई म्हणाल्या. " त्यात मागची झाडंही पांढरी आहेत."

समितीने झाडांचा विषय उद्यान विभागाकडे वर्ग केला.

समितीच्या आदेशाने रंग खरवडला, पण दगडावर गुलाबी डाग राहिले. तेव्हा असे ठरले, की पुतळा कधीच रंगवलेला नव्हता हे स्पष्ट दिसावे, म्हणून त्याला पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. ते बाईंनीच द्यावेत, नाहीतर बदली.

"मी नाही देणार," बाई घरी म्हणाल्या.

"तुझं खरं असेल गं," सासूबाई म्हणाल्या, "पण मलाही तो पांढराच बरा वाटायचा."

समितीपेक्षा हे जास्त लागले. सकाळी बाईंनी मुकाट्याने ब्रश उचलला.

उद्घाटनाला मुख्याध्यापकांनी गहिवरून पुतळ्याच्या पायांना हात लावला. तळवे पांढरे झाले.

"रंग ओला आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"कसला रंग?" अधीक्षकांनी विचारले आणि शिपायाकडून पाटी लावून घेतली: 'संगमरवर ओला आहे. हात लावू नये.'

आता हसणाऱ्या वाचकाने एवढेच सांगावे: सेनापतीच्या हातात तलवार होती ना? आम्ही तर ती कुठेच लिहिलेली नाही.