नारोपंतांचं खोबरेल

पंक्तीत तूप वाढणारा जवळ आला की आमचे शेजारी नारोपंत भातावर आडवा हात धरत. पेशव्यांच्या राज्यात, तेही पुण्यात, फुकटचं साजूक तूप नाकारणारा माणूस मी हा एकच पाहिला. वाढपी पुढे सरकला की पंत उपरण्याआडून एक चंबू काढत आणि भातावर खोबरेलाची धार सोडत. शेजारचा नाकाला उपरणं लावी. त्याला पंतांचं उत्तर ठरलेलं असे, "वासावर जाऊ नका, गुणावर जा."

पुण्यात खोबरेल डोक्याला लावतात. ते पोटात नेण्याचा मान पंतांचा. सकाळी शिळ्या भाकरीवर तेल आणि मीठ, दुपारी वरणभातावर धार, रात्री मऊ भातात मेतकुटाबरोबर कालवून. एकादशीला वरीच्या तांदळावरही तेच. थंडीत तेल गोठलं की हे गृहस्थ चंबू पोटाशी धरून अंगणात उन्हाला बसत, खुडूक कोंबडीसारखे.

सरकारच्या फडावर, म्हणजे दफ्तरात, ते कारकून होते. तिथेही प्रवचन चालूच. खोबरेलाने हाडं बळकट होतात, दात टिकतात, बुद्धी तल्लख होते.

"मग पंत, अजून कारकूनच कसे?" एकाने विचारलं.

"आपण तर तुपावर वाढलात," पंत म्हणाले. "आपलं काय झालं?"

सगळ्यांना वाटे, माणूस कोकणातला असावा. कसला कोकणातला! पंत जन्मात कधी घाट उतरले नव्हते. खरी गोष्ट मला माझ्या बायकोकडून कळली, आणि तिला हौदावर पंतांच्या बायकोकडून, म्हणजे गंगाकाकूंकडून.

वेणू ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला घाटाखाली दिली. सासरी नारळाची बाग आहे म्हणताच साऱ्या पेठेने स्थळाचं तोंड भरून कौतुक केलं. मुलीला कोणी विचारलं नाही. मुलीला काय विचारायचं असतं? सासरी गेल्यावर तिने एका वाटसरूबरोबर निरोप धाडला, "बाबांना सांगा, इथे भातावर खोबरेल घालतात. मला गिळवत नाही." त्या दिवशी पंतांनी तूप सोडलं. वेणू माहेरी पाटावर बसून तूपभात खाईल, तेव्हाच आपण खायचा, असा नेम केला. लेकीसाठी बाप झुरतो हे कळलं असतं तर पेठ जास्त हसली असती. म्हणून त्यांनी लोकांना तेलाचे गुण सांगितले.

दर दिवाळीला पंत वेणूला आणायला मुऱ्हाळी पाठवत, आणि तो एकटाच परत येई. कधी सासूचं दुखणं, कधी बागेतलं काम. सासरच्यांनी कारण दिलंच पाहिजे असं नाही. तरी ते देत, हा त्यांचा मोठेपणा. पंत ऐकून घेत आणि तेलाची धार जरा मोठी सोडत.

अखेर वेणू आली, पहिल्या बाळंतपणाला. गेली तेव्हा परकरी पोर होती. आली ती ठसठशीत बाई. त्या दुपारी पंतांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. बापलेकीचे पाट शेजारी शेजारी मांडले होते. काकूंनी सकाळीच लोणी कढवलं होतं, त्या वासाने घर भरलं होतं. पंतांचा चंबू त्या दिवशी फळीवरच होता. इतक्या वर्षांत त्यांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं.

काकू आधी लेकीला तूप वाढायला वाकल्या. वेणूने भातावर आडवा हात धरला. हुबेहूब बापासारखा.

"नको गं आई. आता तुपाचा वास सोसत नाही. खोबरेल नाही का घरात?"

"डोहाळे आहेत हो," काकू घाईने म्हणाल्या.

"डोहाळे कसले? रोज तेच तर खाते मी."

पंत उठले, फळीवरून चंबू घेऊन आले. तेल गोठलेलं होतं. त्यांनी ते बोटाने काढून तिच्या गरम भातावर ठेवलं आणि ते विरघळेपर्यंत पाहत उभे राहिले. वेणूने घास घेतला.

"बरं आहे," ती म्हणाली, "पण आमच्याकडच्यासारखं ताजं नाही."

'आमच्याकडचं' म्हणजे सासरचं. मला ते ऐकवलं नाही. पंतांनी कसं ऐकलं असेल, देव जाणे. ते पाटावर बसले. काकूंनी तुपाची वाटी त्यांच्या पानाकडे नेली, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

बाळंतपण सुखरूप झालं आणि वेणू मूल घेऊन आपल्या घरी गेली. पुढे एका पंक्तीत पंतांचा हात पुन्हा भातावर आडवा दिसला. शेजारी कोणी नवखा बसला होता. त्याने कौतुकाने विचारलं, "काय हो, या तेलात असे गुण तरी कोणते?"

पंतांचं ठरलेलं वाक्य ऐकायला आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

"गुण कसले?" पंत भात कालवत म्हणाले. "सवय होते."